ओली लोकर

९ जानेवारी

संशोधक बाईसाहेब,

तुमचं जाडजूड पाकीट पोचलं. न उघडता परत पाठवणार होतो, पण बायकोनं माझ्याआधी ते फोडलं आणि जेवताना मोठ्यानं वाचायला घेतलं. जेवताना! 'डुकराच्या मूत्राशयापासून तयार केलेली जाळी' हे शब्द कानावर पडले तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला नाही. ताट सरकवून उठलो. उठलो म्हणजे काय, पट्टे आवळलेला पाय दोन्ही हातांनी उचलून आधी खाली ठेवला आणि मग उठलो. रागानं ताडकन उठायची सोयही आता राहिलेली नाही.

म्हणजे सरळ भाषेत, डुकराची मुतायची पिशवी. ती तू धुणार, वाळवणार, तिचे तुकडे पाडणार आणि तुझ्या ओळखीचा सर्जन ते माझ्या मांडीत शिवणार. वर तुझं वाक्य : 'अगदी स्वच्छ असते, काळजी करू नकोस.' ताई, स्वच्छ कशाला म्हणतात ते तू मला शिकवू नकोस. बाबांच्या मागे लॉन्ड्री मी चालवतो. लोकांच्या चादरींवर काय काय असतं ते मला विचार. नाकाला फडकं बांधून, हातमोजे चढवून, मनातल्या मनात शिव्या घालत मी ते सगळं काढत आलोय. लहानपणी तूच मला नाकमुरड्या म्हणायचीस. तुझ्या बरणीत मेलेली पाल असायची आणि मी दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायचो नाही. आई म्हणते, इतकी किळस येणाऱ्या माणसानं हा धंदा करू नये. मी म्हणतो, किळस येते म्हणूनच माझ्या हातून डाग निघतो. ज्याला घाण दिसतच नाही तो काय धुणार कपाळ?

पाय कसा गेला ते तुला ठाऊकच असेल. तू आणि माझी बायको माझ्या पाठीमागे फोनवर बोलता हे मला कळत नाही असं समजू नका. मोठ्या मशीनच्या पट्ट्यात माझा एप्रन अडकला आणि एप्रनच्या मागोमाग मी. मांडीच्या पुढच्या मांसातला मोठा तुकडा मशीननं खाल्ला. डॉक्टरांनी दुसऱ्या मांडीची कातडी काढून वर चिकटवली. आता तिथे वाटी बसेल एवढा खड्डा आहे, वर तुकतुकीत जांभळट साल. अंघोळ करताना मी छताकडे बघतो. गुडघा सरळ करायचा म्हटलं तर हुकूम ऐकायला खाली कोणी उरलेलंच नाही. पट्टे सोडून उभा राहिलो तर पाय घडी घातल्यासारखा मिटतो आणि मी जमिनीवर.

हे सगळं असूनही तुला उत्तर आहे, नको. आणि कारण डुक्कर नाही.

बाबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा पडल्या, त्यात पू झाला, खोलीत शिरलं की वास घशात बसायचा. तू पैसे पाठवलेस. मलम पाठवलंस. कोणत्या कुशीवर किती वेळ ठेवायचं याच्या सूचना फोनवरून दिल्यास. उंटावरून शेळ्या हाकल्यास. आली नाहीस. शेवटचं सगळं आटोपलं तरी आली नाहीस. परक्या जनावराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बाईला बापाची पाठ पुसायला सवड झाली नाही, याची मला जी किळस येते, तिच्यापुढे ती पिशवी काहीच नाही.

तुमचा गिऱ्हाईक व्हायची इच्छा नसलेला,
भाऊ


२३ जानेवारी

ताई,

वरती 'ताई' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. फार अर्थ काढू नकोस.

तुझ्या ओळखीच्या सर्जनला दाखवून आलो. बायकोनं नेलं, म्हणजे टॅक्सीत कोंबलं. माणूस नीटनेटका आहे, नखं स्वच्छ, त्यामुळे निम्मा विश्वास तिथेच बसला. बोलताना बोटं अशी हलवतो की जणू हवेत टाके घालतोय. मी त्याला शिंपी म्हणतो, अर्थात घरी.

शिंपी म्हणाला, या पायाला दोन वाटा आहेत. एक तुझी जाळी. ती बसवून बघायची, खड्ड्यात थोडंफार नवं मांस धरतं का ते. पूर्वीसारखा पाय होईल असं वचन तो देत नाही. ते बरं वाटलं, वचन देणाऱ्या पावडरी मी पुष्कळ पाहिल्यात. दुसरी वाट म्हणजे गुडघ्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायची. पाय भक्कम होईल, पट्टे लागणार नाहीत, पण वाकणार नाही. पुन्हा कधीच नाही.

मी घरी आलो आणि पट्ट्यांच्या चौकटीचा खटका लावून, गुडघा वाकणार नाही असा अडकवून राहून बघितलं. म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ, सवय होईल. बसमध्ये माझा पाय वाटेत आडवा. एक बाई अडखळून माझ्याच अंगावर पडली आणि वर मलाच बोलली. दुकानात मशीनच्या खालच्या झडपेपर्यंत हात पोचेना. हेही चाललं असतं. पण संडासात बसलो तेव्हा पाय दारातून बाहेर. दार लागेना. ज्यानं उभ्या जन्मात कोणाला आपला टॉवेल वापरू दिला नाही तो मी दार सताड उघडं टाकून बसलो, आणि आमच्या मातोश्री बाहेर माझ्याकडे पाठ करून पहारा देत उभ्या. वर विचारतात, "झालं का रे राजा?" ताई, मी बेचाळीस वर्षांचा आहे.

उरलेलं आयुष्य दार उघडं टाकून बसायचं नाही मला. बाकी मला काही नको. धावायचं नाही, डोंगर चढायचे नाहीत. गुडघा वाकवून बसता यावं, आपापलं उठता यावं आणि इस्त्रीच्या टेबलाशी दोन पायांवर उभं राहता यावं.

म्हणून विचारतोय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तरी हो म्हटलेलं नाही, फक्त विचारतोय. ती पिशवी कशानं धुता? किती पाण्यांतून काढता? धुतल्यावर वास राहतो का? त्यात डुकराचं नेमकं काय उरतं? आणि ती माझ्या आत कायमची राहणार का? हा शेवटचा प्रश्न ऐकून बायको म्हणाली, "डुक्कर झालात तर बरंच होईल, समोर ठेवलेलं निमूट खाल तरी." वर आणखी म्हणते, "अख्ख्या वस्तीच्या चड्ड्या धुता आणि धुतलेल्या पिशवीला घाबरता?"

या बाईशी लग्न मी स्वतः पसंत करून केलं होतं.

उत्तर लवकर दे. बाबांविषयी लिहू नकोस, ते मी वाचणार नाही.

भाऊ


२६ फेब्रुवारी

ताई,

जाळी बसली. मी जिवंत आहे. तू सविस्तर मागितलंस म्हणून सविस्तर लिहितो, आता भोग.

आधी तुझ्या उत्तराबद्दल. 'जनावराच्या पेशी म्हणजे मळ असं धर आणि खाली उरते ती वीण. आम्ही मळ काढतो, वीण ठेवतो. तुझ्या पेशी त्या विणीत येऊन राहतील आणि वीण हळूहळू विरघळून जाईल.' हे वाक्य तू मुद्दाम माझ्यासाठी बेतून शिवलंस हे मला कळलं. तरी पटलं. साबण कोणता, मग पाणी, मग पुन्हा पाणी, हेही तू लपवाछपवी न करता लिहिलंस. धुणाऱ्यानं धुणाऱ्याला लिहावं तसं. मी सही केली.

ऑपरेशनच्या आधी शिंप्यानं मला जाळी दाखवली. पांढरी, कागदासारखी, कडक. वास घेतला. खरंच नव्हता. मला जरा वाईटच वाटलं, कारण नाकाशी धरून 'शी' म्हणायची तयारी करून गेलो होतो.

त्याची भरपाई पुढे झाली. मांडीतून एक नळी काढून बाटलीत सोडलेली, तिच्यात लालसर पाणी थेंब थेंब पडतंय, आणि ती बाटली माझ्याच खाटेला बांधलेली, जेवताना डोळ्यांसमोर. शेजारच्या खाटेवर एक कंत्राटदार होता. तो स्वतःची बाटली दिव्यासमोर धरून हलवून बघायचा आणि मला म्हणायचा, "तुमची किती भरली?" अशा माणसांना भाड्यानं घर देऊ नये.

दुसऱ्याच दिवशी व्यायाम घेणारी बाई आली. तुझ्यापेक्षा उंच, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. आल्या आल्या म्हणाली, "मांडी आवळा." मी म्हटलं, "बाई, कालच शिवलीय." म्हणाली, "म्हणूनच." आवळली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिचं नाव आम्ही फौजदारीण ठेवलंय. आता घरी येते, एक दिवसाआड. ती नसेल तेव्हा दिवसातून चार वेळा टाच उचलायची, गुडघा वाकवायचा, ताणायचा, असं तिचं फर्मान आहे.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो, कारण कापड तुला कळतं. आम्ही तिच्यासमोर थोडंसं करतो, पण ती गेली की नाही. आई आणि मी मिळून ठरवलंय. बाबांनी मला दुकानात पहिला धडा कोणता दिला? ओली लोकर ताणायची नाही. लोकरीचं कापड धुतलं की पिळायचं नाही, टांगायचं नाही, सपाट पसरून ठेवायचं आणि वाळेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. ओली असताना ओढली तर तिचा आकार जातो तो जातोच. मग आत्ता मांडीत काय आहे? ओली वीणच ना? अजून बसलेलीसुद्धा नाही, आणि ही बाई तिला ओढायला सांगतेय. शिकलेल्या लोकांना साध्या गोष्टी सुचत नाहीत.

म्हणून आई पायाखाली तीन उशा लावते, दार लोटून घेते आणि मी पाय सपाट ठेवून पडून असतो. फौजदारीण विचारते, "केलं का?" आई म्हणते, "हो तर, घाम फुटला पोराला." आईला इतक्या सफाईनं खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. बायकोला आम्ही यात घेतलेलं नाही, ती पोटात ठेवणारी नाही.

वाळली की बघ, कशी सुरेख बसेल.

तुझा भाऊ


११ मार्च

ताई,

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. त्यातली एक ओळ तर नुसती शिवी होती. मोठी बहीण म्हणून सोडून दिली. पण तू माझ्या बायकोला फोन करून रडलीस, ते काही बरं केलं नाहीस. ती आता घरात माझ्याशी बोलत नाही आणि आईशी फार गोड बोलते. आईला त्या गोड बोलण्याचीच भीती जास्त वाटते.

बायको मला शिंप्याकडे घेऊन गेली. त्यानं थंडगार चिकट मलम लावून मशीन फिरवलं. (ते मलम कातडीवर काय पसरतं, शी.) पडद्यावर राखाडी ढग होते. म्हणाला, बाहेरच्या कडेला वण धरायला लागलाय. चिवट, पांढरा, मुका वण. तिथे मांस येणार नाही. मी त्याला लोकरीचं सांगितलं. हसला नाही, त्याचा मला जास्त राग आला. म्हणाला, "ही लोकर नाही. हिला ओढ लागते. नव्या पेशी येतात, पण कोणत्या दिशेला लांबायचं हे त्यांना ओढीवरूनच कळतं. ओढ नसेल तर शरीर भोक बुजवायचं म्हणून काहीतरी भरून टाकतं." कामचुकार माणूस रफू करतो तसं, असं मीच मनात म्हटलं. आतल्या बाजूला अजून आशा आहे म्हणतो. एप्रिलच्या अखेरीस तो बघणार. मांडीनं पाय उचलला तर ठीक, नाहीतर गुडघा जोडायचा. तारीख त्यानं आत्ताच धरून ठेवलीय.

मी बाहेर आलो आणि म्हटलं, डुकराची वस्तू शेवटी डुकराचीच, फसवणार. बायको बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. हे तू लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.

पण ताई, लोकर हे निमित्त होतं. मला ते खरं वाटत होतं, नाही असं नाही, पण निमित्तच. मांडी आवळली की टाक्यांच्या खालच्या टोकाला एक जागा उघडते आणि तिथून पिवळं पाणी येतं. शिंपी म्हणतो, चालायचंच, भरेल. पण ते पाणी कोमट असतं, ते गुडघ्यावर ओघळतं आणि माझ्या पोटात ढवळून येतं. आत काहीतरी सरकल्यासारखं होतं, माझं नसलेलं. मग मी थांबतो. दर वेळी थांबतो. आता फौजदारीण रोज येते तरी मी भिंतीकडे तोंड करून पाव हिश्शानं करतो, आणि आई दारात उभी राहून हळहळते. आई उशी घेऊन आली की मला इतकं बरं वाटतं की माझी मलाच शिसारी येते. कळतं पण वळत नाही. ज्या पायाकडे बघवत नाही त्याला कामाला कसा लावायचा?

तू यायची भाषा केलीस असं बायको म्हणाली. येऊ नकोस. बघण्यासारखं इथे काही नाही.

भाऊ


५ एप्रिल

ताई,

काल तू गेलीस आणि घर एकदम ऐसपैस झालं. तुझी दाढदुखीची गोळी आणि एक मोजा इथे राहिलाय. मोजा धुऊन ठेवलाय.

तू समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहितो. समोर तू बोलू देत नाहीस, आणि मी ओरडत होतो, त्यामुळे दोघांचाही इलाज नव्हता.

बॅग दारात ठेवून तू सरळ माझ्या खोलीत आलीस. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दाखव." मी म्हटलं, हात धू. धुतलेस. मग सराईतासारखी पट्टी सोडवलीस, टोक उचललंस, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. मांडीकडे बघायचं नसतं म्हणून मी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. तुझं तोंड पांढरं पडलं. तू उठलीस, भिंतीला धरत बेसिनपर्यंत गेलीस आणि भडाभडा ओकलीस.

मला आधी कळेचना. वाटलं प्रवास बाधला. बायको धावली, तिनं तुझे केस धरले. आणि तू फरशीवर बसून, तोंड पुसत म्हणालीस, "परक्याचं मी काहीही बघू शकते रे. आपल्या माणसाचं नाही बघवत. बाबांच्या वेळी तिकीट काढून दोनदा स्टेशनवर गेले होते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत निघून गेली. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. वर्षभर तुझी वाट बघणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते मला विचारू नकोस, मी तिला विचारलेलं नाही.

मी काय म्हणालो ते तुला आठवतच असेल. पुन्हा लिहितो, कारण ओरडून म्हटलेलं नीट ऐकू जात नाही. मी म्हटलं, मलाही नव्हतं बघवत. तुला काय वाटलं, मला त्या जखमांचं प्रेम होतं? मी रोज सकाळी बाबांची पाठ पुसायचो, बादली उचलायचो, मागच्या दारी जाऊन ओकायचो, चूळ भरायचो आणि पुन्हा आत जाऊन दुसरी कूस पुसायचो. बाबांना ते ऐकू जायचं. एकदा म्हणाले, "जेवलास का मग आता?" आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं तुझ्या वाट्याला आलं नाही, ताई. याचं मला तुझ्यासाठी वाईट वाटतं आणि तुझा राग येतो, दोन्ही एकदम. वेगळं करता येत नाही.

तू चूळ भरलीस, परत आलीस, माझ्या टाचेखाली हात घातलास आणि म्हणालीस, "ढकल."

मग ते दिवस. मी शिव्या देतोय, तू त्याहून वाईट देतेयस. प्रयोगशाळेत हीच भाषा चालते का तुमच्या? दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तू पुन्हा बेसिनकडे गेलीस. तिसऱ्या दिवशी नुसता आवंढा गिळलास. पिवळं पाणी तुझ्या मनगटावरून ओघळलं आणि तू ते पुसलंसुद्धा नाहीस, म्हणालीस, "आधी टाच." मला वाटलं होतं, माझ्या घाणीची किळस जगात फक्त मला येते आणि बाकी सगळे सवयीनं हसण्यावारी नेतात. तुला माझ्यापेक्षा जास्त येत होती आणि तरी तुझा हात तिथेच होता. त्यानंतर मला भिंतीकडे तोंड करायची लाज वाटली. पहिल्यांदा खाली बघितलं. फार वाईट दिसतं. मी समजत होतो त्याहून वाईट. बघितलं.

आईशी तू मात्र चलाखी केलीस. "पोराला मारून टाकाल दोघं मिळून," म्हणून ती उशा घेऊन आली, तर तिच्या हातातून उशा घेऊन तू तिला मोजायच्या कामाला बसवलंस. बिचारी मोजायची, "एक, दोन, पाच, नऊ, झाले दहा, पुरे." तू म्हणायचीस, आई, पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी फुगून बसली. तू निघालीस त्या सकाळी तिनं दहापर्यंत सरळ मोजलं, एकही न गाळता, पदराचं टोक मुठीत धरून. मला तेव्हा कळलं की पाय बरा व्हावा असं तिलाही वाटतं.

टाच अजून उचलली जात नाही. तुझ्या हाताचा आधार काढला की खाली पडते. हे तुलाही माहीत आहे, आणि जाताना तू मुद्दाम हसलीस तेही मला दिसलं.

भाऊ


२ मे

ताई,

फोनवर तुला निकाल कळला आहे, पण बायकोनं सांगितलेल्या कथेत मी शूर आहे, म्हणून खरं काय ते लिहितो.

शिंप्यानं मला उंच टेबलाच्या कडेला बसवलं, पाय खाली लोंबत. पट्टे काढले. त्याचा एक हात माझ्या मांडीवर, त्या खड्ड्यावर. फौजदारीण बाजूला, हाताची घडी घालून. शिंपी म्हणाला, "सरळ करा." मी जोर लावला. पाय तसाच लोंबत राहिला. पुन्हा म्हणाला. पुन्हा लोंबत. समोरच्या टेबलावर त्याच्या वहीशेजारी कॅलेंडर होतं आणि गुडघा जोडायच्या तारखेभोवती काढलेला गोल मला तिथून दिसत होतं. मला संडासाचं उघडं दार दिसायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं, ते ओकारीआधी सुटतं ते. एरवी मी तिथेच थांबलो असतो. या वेळी आवंढा गिळला आणि ढकललं.

आणि त्या सालीखाली काहीतरी वळवळलं. उंदीर पांघरुणात शिरावा तसं. मी किंचाळलो, "काढा ते, काढा!" फौजदारीण ओरडली, "तुमचंच आहे ते, ढकला!" मी ढकललं. टाच टेबलापासून सुटली. पाय वर आला, थरथरत, घाणेरडा, वाकडा. पूर्ण सरळ नाही झाला. शेवटचा थोडा भाग राहतोच, आणि शिंपी म्हणतो कदाचित राहीलच. बाहेरच्या कडेचं जे मी आणि आईनं उशांवर झोपवून घालवलं ते परत येणार नाही. त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. पण पाय वर राहिला. शिंप्यानं हात काढून घेतला तरी राहिला. मग त्यानं पेन उचललं आणि त्या तारखेवर काट मारली.

बायको रडली. फौजदारिणीनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस तिथेच जास्त दुखत होतं. मी काय केलं ते बायकोनं तुला सांगितलं नसेल. मी शिंप्याच्या कचऱ्याच्या डब्यात ओकलो.

तू विचारलंस, आता कसं वाटतं. घाण वाटतं, ताई. इतकी ओंगळ मांडी मी कोणाची पाहिली नाही. खड्डा अर्धवट भरलाय, मध्ये उंचवटा, कडेला दगडासारखा वण. चालताना तिथली साल मागून येते. काठी लागते. जिना उतरताना बायकोचा खांदा लागतो आणि ती त्याबद्दल मला ऐकवते. पण गुडघा वाकतो आणि दार लागतं. पहिल्या दिवशी मी आत उगाचच जास्त वेळ बसलो. आई बाहेरून म्हणाली, "झालं का रे?" मी म्हटलं, तू जा.

परवा दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभा होतो. एका शर्टाची कॉलर बसत नव्हती. तिच्या नादात होतो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की काठी भिंतीला टेकवून ठेवलीय आणि मी तसाच उभा आहे. पाय लक्षातच नव्हता. लक्षात आल्यावर लगेच दुखायला लागला.

तुझ्या जाळीबद्दल तुला जे श्रेय हवं ते घे. सभेत माझ्या मांडीचे फोटो दाखवायचे म्हणतेस, तर दाखव. पण तोंड दिसू देऊ नकोस, आणि जेवणाच्या सुट्टीआधी दाखवू नकोस.

आता शेवटचं. इथे येऊन ओकलीस म्हणून बाबांचं मिटलं असं समजू नकोस. मिटलेलं नाही. मागच्या महिन्यात तू ओकलीस आणि परत आत आलीस. म्हणजे तुला येता येत होतं. मग तेव्हा स्टेशनवरून दोनदा परत का फिरलीस, हे मला पत्रात नको आहे. फोनवरही नको, फोनवर तू रडतेस आणि माझा राग अर्धवट राहतो. आईलाही ते ऐकायचं आहे. ती तसं बोलत नाही, पण परवा तिनं तुझ्या खाटेवरची चादर बदलली.

तर रजा काढ आणि ये. बेल वाजवल्यावर जरा थांब, लगेच पुन्हा वाजवू नकोस. दार उघडायला मी येणार आहे. मला वेळ लागतो.

तुझा
नाकमुरड्या